ओ देणारी

धाकटी बादली आणायला म्हणून खोलीबाहेर पडली आणि चांगली तासभर हरवली. नव्या शहरात पहिल्या दिवशी दुसरं काय व्हायचं? जाताना दुकान उजव्या हाताला होतं, परतताना तेही उजव्याच हाताला निघालं. हातात लाल बादली, बादलीत मग, मगात साबण आणि चेहऱ्यावर आपण जन्मापासून इथल्याच आहोत असा आव, अशी ती एकाच चौकातून पुन्हा पुन्हा फिरली. शेवटी कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "ताई, बादली विकायची असेल तर जरा ओरडावं लागतं." तेव्हा कुठे तिने मान खाली घालून रस्ता विचारला.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. थोरली लग्न होऊन दूरदेशी गेली, वडील वारले, त्यामुळे मागे उरली होती ती ही एकटीच, पण नाव आपलं धाकटीच राहिलं. कॉलेज संपलं आणि हिच्या डोक्यात शिरलं की एक वर्ष समाजसेवेला द्यायचं. एका संस्थेने घेतलंही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण घरपोच द्यायचं, दोन शब्द बोलायचे, काही दुखतंखुपतं का बघायचं. काम चांगलं, शहर लांबचं. आईचं तोंड जे उतरलं ते उतरलंच.

"वर्षभर परक्या म्हाताऱ्यांना जेवू घालणार, आणि घरच्या म्हातारीने काय करायचं?"

"तू कुठे म्हातारी आहेस, आई?"

"होईन की तू येईपर्यंत."

निघताना आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. आतूनच भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. धाकटीला तो आवाज बसमध्येही ऐकू येत होता. पहिली सुट्टी मिळाली की तडक घरी जायचं, आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं, रुसवा काढायचा, हे तिने बस सुटायच्या आतच ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्या पहिल्या महिन्यात ती त्या एकाच गोष्टीवर तग धरून होती.

खोली मिळाली ती एका घरमालकिणीच्या माडीवर. बाई सज्जन, फक्त कानोसा घेण्याची भारी हौस. खोलीत एक खाट, एक खिडकी, भिंतीला आधीच्या भाडेकरूने मारलेले खिळे. न्हाणीघर सामाईक. रात्री नळ गळायचा आणि धाकटी उशीत तोंड खुपसून घरची आठवण काढायची. रुळेल हळूहळू, असं जो तो म्हणायचा.

संस्थेत मुख्य ताई म्हणून एक बाई होत्या, कडक आवाजाच्या आणि मऊ मनाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून एक गोष्ट पक्की करून घेतली.

"आपली बरीच माणसं विसराळू आहेत. त्यांना खोडायचं नाही. ते म्हणाले सकाळ, तर सकाळ. तुम्हाला भाची म्हणाले, तर तुम्ही भाची. खरं काय ते सांगायला गेलात तर त्यांना दर वेळी नव्याने धक्का बसतो. ते ज्याला हाक मारतील, त्याच्या वतीने आपण ओ द्यायची. कळलं?"

"मला एक आजी गेली दोन वर्षं जावई समजतात," व्हॅनचे ड्रायव्हरकाका मागून म्हणाले. "रोज रुसतात. रोज समजूत काढतो. घरी बायकोची काढली नसेल एवढी."

सगळे हसले. धाकटीही हसली. हा शहाणपणाचा आणि मायेचा धडा आहे असं तिला वाटलं, आणि होताही तसाच. त्यात वावगं काही नव्हतं.

तिच्या वाट्याला जी घरं आली त्यांत शेवटचं घर एका शिंपीमास्तरांचं. अरुंद गल्ली, जुनी इमारत, सगळ्यात वरचा मजला. ड्रायव्हरकाका गल्लीच्या तोंडाशी व्हॅन लावून म्हणाले, "इथे आजवर मुलगेच जात आलेत. मास्तर त्यांना गिऱ्हाईक समजतात. शर्टाला खिसा किती ठेवू, विचारतील. दोन सांग आणि ये."

बाहेर ऊन रणरणत होतं, पण जिन्यात पाऊल टाकलं की अंधार. कठडा हाताला चिकट लागायचा. वरून शिलाईमशीन चालवल्याचा खडखडाट येत होता, एका लयीत, न थांबता. जसजशी ती वर चढली तसा वास येऊ लागला: मशीनचं तेल, आणि ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवली की येतो तो वाफेचा वास. दार उघडंच होतं. खिडकीजवळ मास्तर पाठमोरे बसून मशीन चालवत होते. मशीनला दोरा नव्हता आणि सुईखाली कापडही नव्हतं. खोलीच्या मागच्या बाजूला आतल्या खोलीचं दार, त्यावर जुना, विटका पडदा.

तिने डबा टेबलावर ठेवला. आवाज झाला तशी मास्तरांनी मान न वळवता विचारलं,

"आलीस?"

धाकटीला ही अपेक्षा नव्हती. खिशांचं उत्तर तिने तोंडात तयार ठेवलं होतं. क्षणभर ती गोंधळली, मग धडा आठवला.

"हो बाबा, आले."

मशीन थांबलं.

"किती वेळ लावतेस गं ओ द्यायला," मास्तर म्हणाले. "मी आपला रोज हाका मारतो. तू आतूनच काहीतरी पुटपुटतेस... ऐकूच येत नाही मला..."

तेवढ्यात पडद्यामागे खाट करकरली. फार वेळ बसून राहिलेलं माणूस उठावं तशी. मग कुणीतरी श्वास सोडला. लांब, सुटकेचा, ड्युटी संपली की आपण सोडतो तसा. पडदा हलला नाही. पण अनवाणी पावलांचा आवाज फरशीवरून तिच्या अगदी जवळून गेला, तो वाफेचा वास नाकात भसकन शिरला, आणि दंडाला गार ओलावा लागला. बाहेरचं दार किंचित हललं. मग जिन्यात पावलं. आधी हळू, चाचपडत... मग भराभरा... मग चक्क धावत, पोरीसोरी धावतात तशी.

"आत कुणी आहे का, बाबा?" तिने विचारलं.

"आत कोण असणार? तू तर इथे आलीस ना आता," मास्तर म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडून शांतपणे जेवू लागले.

ती खाली आली तर ड्रायव्हरकाका तिच्याकडे बघतच राहिले. "आता आणि कुठून आलीस? मघाशी तर पुढून पळत गेलीस. हाक मारली तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

"उन्हात बसून डोळे फिरलेत तुमचे," धाकटी म्हणाली. पण हसताना तिचे ओठ कोरडे पडले होते.

त्या संध्याकाळी घरमालकीण जिन्यातच भेटली. "दुपारी लवकर सुटका झाली वाटतं आज? केवढा वेळ अंघोळ करत होतीस बाई. सगळी टाकी संपवलीस. आणि गात काय होतीस! बरं वाटलं हो ऐकून. आली तेव्हापासून पोर कशी कोमेजलेली होती."

"मी? मी तर आत्ता येतेय."

"बरं बरं," घरमालकीण डोळे मिचकावून म्हणाली. दुपारी काम बुडवल्याचं पोरगी लपवतेय, असा अर्थ तिने लावला.

वर लाल बादली पालथी घातलेली होती. धाकटी ती कधीच पालथी घालत नसे. कंगव्यात एक केस होता, लांबलचक, अर्धा काळा अर्धा पांढरा. धाकटीचे केस मानेपर्यंत. तिने तो केस चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला आणि हात साबणाने घासून घासून धुतले.

मग हे रोजचंच झालं. ती कामावर असायची तेव्हा दुसरीच कुणी तिच्या नावावर शहरभर हिंडत असायची. चहावाला म्हणायचा, "ताई, आता कशा ऐटीत चालता! ओळख दिली नाहीत सकाळी." भाजीवाली सांगायची की काल तू बागेत झोक्यावर बसली होतीस. घरमालकीण तर खूशच होती. "रुळलीस बरं का तू," ती म्हणायची. जो तो म्हणायचा, रुळलीस. आणि धाकटीला मात्र आपण या शहरात दिवसेंदिवस पुसट होतोय असं वाटत होतं. दुकानात उभी राहिली तर दुकानदार तिच्या मागच्या गिऱ्हाईकाला विचारायचा, काय देऊ?

सगळ्यात वाईट होतं ते वेगळंच. एकदा दिवेलागणीला ती ब्रेड घ्यायला रांगेत उभी होती आणि तिचं तोंड आपोआप उघडलं. "हो बाबा, आले," ती मोठ्याने म्हणाली. कुणी हाक मारली नव्हती. मास्तरांची गल्ली तिथून कितीतरी लांब. शेजारच्या बाईने तिच्याकडे बघून पोराला जवळ ओढलं. मग ते बसमध्ये झालं, न्हाणीघरात झालं, झोपेत झालं. कुठेतरी एक म्हातारा माणूस विचारत होता, आणि ओ द्यायचं काम आता तिच्या गळ्यात पडलं होतं.

ती मुख्य ताईंकडे गेली. "मास्तरांच्या मुलीचं काय झालं, ताई?"

ताईंनी चष्मा काढून ठेवला. "बिचारी. बापाचं सगळं तीच करायची. मास्तरांना ती क्षणभर नजरेआड खपायची नाही. आलीस का, कुठे आहेस, सारखी हाक. उंबरठा ओलांडायची चोरी. लग्न नाही, मैत्रिणी नाहीत, काही नाही. आतल्या खोलीत पडल्या पडल्या तापाने गेली. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे... मास्तरांना सांगितलं की ऐकतात, रडतात, आणि विसरतात. म्हणून आम्ही सांगणं सोडलं." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "किती वाळलीस गं! घरची आठवण येते का? सगळ्यांनाच पहिल्या महिन्यात असं होतं. उद्या दुपारपासून सुट्टी घे आणि आईकडे जाऊन ये."

सुट्टी! धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने तिथूनच आईला फोन लावला. उद्या दुपारच्या बसने येते म्हणाली. आई म्हणाली, "तुझ्या आवडीचं काय करू?" रुसवा गेला होता. कितीतरी दिवसांनी धाकटीला कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम आवरून ती पिशवी घ्यायला खोलीवर आली, तर घरमालकीण दारातच हबकून उभी राहिली.

"अगं, तू गेली नाहीस? सकाळीच तर निघालीस की पिशवी घेऊन! पाया पडलीस माझ्या. आई वाट बघतेय म्हणालीस..."

धाकटी माडीवर धावली. पिशवी नव्हती. तिचा निळा ड्रेस नव्हता. आईसाठी घेतलेली शाल नव्हती. खाटेवर अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं, जागा कायमची सोडताना ठेवतात तसं.

आता काय सांगू, ती कशी पळाली ते! आईचा फोन नुसताच वाजत होता. ती मिळेल त्या रिक्षाने स्टँडवर पोचली, घरच्या गावाच्या बसमध्ये बसली, पाटी दोनदा वाचली, कंडक्टरला विचारून खात्री केली. बस सुटली. शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना उन्हातली मोकळी शेतं आली तेव्हा तिचा जीव थोडा भांड्यात पडला. डोळा लागला असेल नसेल तोच तिच्या तोंडून तेच शब्द निघाले. पुटपुटल्यासारखे. आणि कंडक्टर म्हणाला, "चला, उतरा, आलं तुमचं."

ती घाईने उतरली. बस निघून गेली. समोर अरुंद गल्ली होती, जुनी इमारत, आणि वरून मशीनचा खडखडाट येत होता.

तिने मागे वळून धावायचा प्रयत्न केला. सांगून विश्वास बसायचा नाही, पण गल्लीच्या ज्या टोकाला ती पोचली ते टोक त्याच जिन्यापाशी निघालं. रडत रडत, कठडा धरत ती वर चढली. मास्तर खिडकीजवळ बसले होते. आज दुसरं कुणीतरी डबा ठेवून गेलं होतं. त्यांनी विचारलं, तिने ओ दिली, आणि ते डबा उघडून जेवायला बसले. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पुन्हा फोन लावला.

या वेळी उचलला.

"हॅलो?"

तो आवाज तिचा स्वतःचा होता.

"कोण... कोण बोलतंय?" धाकटीने विचारलं.

तो आवाज मायेने म्हणाला, "बाबा जेवले का गं? भात कोमट लागतो त्यांना. आणि ओ लगेच देत जा... उशीर झाला की घाबरतात ते."

"आईला दे. माझ्या आईला फोन दे!"

"किती गं छान आहे हे घर," आवाज म्हणाला. "खिडक्या किती. आणि दार कुणी लावतच नाही... थांब हं, दूध उतू चाललंय."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. मग कापड घासल्याची खसफस, आणि आईचा आवाज, अगदी तोंडाशी, श्वासापेक्षा हळू.

"धाकटे... तूच ना?"

"आई!"

"हळू. मोठ्याने बोलू नकोस. ती दारात आली तेव्हाच कळलं मला. पोटची पोर ओळखू येत नाही होय?" आई भराभर बोलत होती. "तुझाच चेहरा आहे, पण केस... आणि हात किती गार गं. पण तिला काही म्हणायची सोय नाही. 'आई, मी आले' म्हणते, मी 'हो बाळ' म्हणते. नाही म्हटलं तर नुसती बघत राहते..."

"आई, तू बाहेर पड. आत्ताच्या आत्ता शेजारी जा. मी येतेय..."

"येऊ नकोस!" आई म्हणाली. "तू बरी आहेस ना? मग झालं. तू अजिबात येऊ नकोस. मी बघते कसं काय ते. त्या दिवशी दारापर्यंत आले नाही गं मी तुला सोडायला... मनात ठेवू नकोस..."

"आई, कुणाशी बोलतेस?" मागून धाकटीचाच आवाज आला.

"कुणाशी नाही गं, राँग नंबर," आई मोठ्याने म्हणाली. तिने फोन ठेवला, पण बंद करायचा राहून गेला. किंवा मुद्दामच केला नाही. धाकटीने फोन कानाशी असा दाबला की कान दुखायला लागला. ताटं मांडल्याचा आवाज येत होता. पाट सरकवल्याचा. ती दुसरी काहीतरी सांगत होती, हळू आवाजात, लाडात. आणि मग आई हसली.

वडील गेल्यापासून आई तशी हसली नव्हती. आईचं खोटं हसणं धाकटीला लहानपणापासून ओळखता यायचं. पाहुण्यांसमोरचं, शेजारणीसमोरचं, थोरलीच्या सासरच्यांसमोरचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. हसणं वाढत गेलं, मोकळं होत गेलं, थांबेचना.

"आई! आई, ऐक ना... आई!" धाकटी फोनमध्ये जीव तोडून ओरडली. पलीकडे कुणाच्या कानापर्यंत ते पोचत नव्हतं.

मास्तरांनी घास हातातच धरून मान तिरकी केली. फोनमधून येणारं ते हसणं ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळला, जुनी ओळख पटावी तसा.

"तुझी आई अशीच हसत होती गं," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी... हसता हसताच गेली. तू उशाशी बसली होतीस बघ तिच्या."

फोनमधलं हसणं मध्येच थांबलं. फोन मात्र चालूच होता.